लुई चौदाव्याचा शब्द कायदा होता, पण त्या शब्दावर कोणी स्वस्तात कर्ज देत नव्हतं

सनावळी

अनियंत्रित राजसत्ता म्हटलं की आपल्याकडे चर्चा एक तर व्हर्सायच्या आरशांवर जाते, नाहीतर 'राजाच्या मनात आलं की झालं' यावर. मनात आल्यावर पुढे काय व्हायचं, कागद कुठे जायचा, कोण सही करायचं, पैसा कोण आणून द्यायचं, हे राहूनच जातं. त्यासाठी हा धागा. उदाहरण फ्रान्सचं, मुख्यतः १६६१ ते १७१५. मुख्य मंत्री माझारँ मेल्यावर लुईने स्वतः कारभार हाती घेतला तेव्हापासून तो स्वतः जाईपर्यंत.

आधी शब्द नीट लावून घेऊ. मूळ लॅटिन कल्पना रोमन कायदेपंडित उल्पियनची: राजा कायद्यांपासून 'सुटलेला' असतो. म्हणजे त्याला कोर्टात उभं करणारं कोणी नाही. त्याने काहीही करावं असा त्याचा अर्थ सोळाव्या शतकातले कायदेपंडितसुद्धा लावत नव्हते. सार्वभौमत्वाचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता झाँ बोदँ. तोही म्हणतो की वारसाचा सालिक कायदा राजाला बदलता येत नाही, राजगादीची जमीन विकता येत नाही आणि प्रजेची मालमत्ता संमतीविना घेता येत नाही. 'अ‍ॅब्सोल्यूटिझम' हे नाव तर राज्यक्रांतीच्या धामधुमीत आणि त्यानंतर रुळलं, लुईच्या हयातीत ते नव्हतंच.

आता वसुली. मुख्य प्रत्यक्ष कर 'ताय'. उत्पन्नावर इतके टक्के असा हा कर नव्हता. आकडा वरून ठरायचा आणि खाली वाटला जायचा:

राजाचं मंडळ दरवर्षी सगळ्या राज्याचा आकडा ठरवायचं. तो महसुली सुभ्यांवर फोडायचा. सुभ्याचा आकडा 'एलेक्सिओं' नावाच्या तालुक्यांवर, तालुक्याचा गावांवर. गावाने आपल्यातूनच पाळीपाळीने वसूलदार नेमायचे आणि त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांची 'ऐपत' बघून कोणी किती द्यायचं ते लिहायचं.

गडबड या शेवटच्या पायरीवर. ऐपत मोजायचं ठरलेलं माप नाही, त्यामुळे ज्याच्या दारात चांगली गाय दिसेल त्याचा कर वाढतो. मग लोक गाय लपवतात, घर शाकारत नाहीत. वसूलदार आपल्या भावकीचा आकडा उतरवतो, पुढच्या वर्षी दुसरा वसूलदार सूड घेतो. गावाचा आकडा भरला नाही तर वसूलदार स्वतः तुरुंगात, आणि तरी भरला नाही तर गावातल्या सधन चार जणांवर सामायिक जबाबदारी. ही सामायिक जबाबदारी थेट १७७५ मध्ये अर्थमंत्री तुर्गोने काढली. सरदार, पाद्री, बरेचसे अधिकारी आणि पॅरिससारख्या शहरांचे नागरिक यातून सुटलेले.

मला मांडायचंय ते एवढंच: राजावर कोणाचाच अंकुश नाही, म्हणून त्याने बुडवलं तर दाद कुठे मागायची हे सावकाराला कळत नाही. साहजिकच सावकार जास्त व्याज लावतो. मग राजा ज्यांची पत बरी आहे त्यांच्या नावावर कर्ज उचलतो. आणि त्यांची पत टिकावी म्हणून त्यांच्या सवलती टिकवाव्या लागतात. सगळा डोलारा त्यावर उभा होता.

---

रिकामटेकडा

'मी म्हणजेच राज्य' हे वाक्य राहिलं की. शाळेत तेवढंच शिकवलं होतं. :)

---

सनावळी

त्या वाक्याला समकालीन पुरावा नाही. १३ एप्रिल १६५५ ला सतरा वर्षांचा सुद्धा नसलेला लुई पॅरिसच्या पार्लमाँत शिकारीच्या कपड्यांत गेला आणि म्हणाला, अशी कथा बरीच नंतर जोडली गेली. तो त्या दिवशी तिथे गेला होता आणि सभा थांबवा असं त्याने बजावलं होतं, एवढं खरं.

(पार्लमाँ म्हणजे संसद नव्हे. ते उच्च न्यायालय. आपल्याकडच्या काही पुस्तकांत 'पॅरिसची संसद' असं छापतात आणि मग पुढचं सगळंच चुकतं.)

---

खतावणी

धाग्याचं शीर्षक आवडलं. पत कशी उसनी घेतली जायची त्याचा जमाखर्च मांडतो.

फ्रान्समध्ये न्यायाधीश, कर-अधिकारी, खजिनदार ही पदं विकत मिळत. विकत घेतलं की ती तुमची मालमत्ता. विकता येते, गहाण टाकता येते, मुलीच्या लग्नात हुंडा म्हणून देता येते. अट एकच होती: पद दुसऱ्याच्या नावावर केल्यापासून ४० दिवसांच्या आत मूळ धनी मेला, तर पद राजाकडे परत. १६०४ मध्ये चौथ्या हेन्रीने ही अट पैसे घेऊन सोडली. पदाच्या ठरवलेल्या किमतीचा साठावा हिस्सा दरवर्षी भरा, मग केव्हाही मरा, पद घरातच राहील. वसुलीचा पहिला मक्ता शार्ल पोलेने घेतला म्हणून याला 'पोलेत' म्हणत. हिशोबापुरतं धरा, पदाची ठरवलेली किंमत ६,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच नाणं), तर वर्षाला १०० लिव्र. आयुर्विम्याचा हप्ताच म्हणा ना.

लुईचा अर्थमंत्री कोल्बेरने १६६५ मध्ये मोजणी करवली तेव्हा न्याय आणि अर्थ खात्यातली अशी सुमारे ४६ हजार पदं निघाली. त्यांची बाजारभावाने किंमत ४० कोटी लिव्रच्या वर. त्या काळात राजाचं वर्षाचं ढोबळ उत्पन्न आठ-साडेआठ कोटी. म्हणजे पदं परत विकत घेऊन सगळं साफ करायचं तर पाच वर्षं राज्याने दुसरा पैचा खर्च करायचा नाही!

आता खरी गंमत. पदाधिकाऱ्याला पगारवजा 'गाज' मिळत असे. ते खरं तर त्याने गुंतवलेल्या रकमेचं व्याज. युद्ध आलं की राजा हुकूम काढायचा: तुमचं गाज ५० लिव्रने वाढवलं आहे, त्याबद्दल १,००० लिव्र भरा. नाही म्हणायची सोय नाही. पदाधिकारी ते १,००० कुठून आणणार? स्वतःच्या पदावर, नाहीतर न्यायालयातल्या सगळ्या सहकाऱ्यांनी मिळून सामायिक कर्ज काढायचं, नोटरीमार्फत, ५ टक्क्यांनी. १६६५ पासून कायदेशीर दर 'विसावा हिस्सा' म्हणजे ५ टक्केच होता. राजाकडून ५० येतात, सावकाराला ५० जातात. राजाला १,००० लिव्र ५ टक्क्यांनी मिळाले.

तेच पैसे राजाने मक्तेदाराकडून, म्हणजे नवी पदं विकून द्यायचा ठेका घेणाऱ्याकडून उचलले तर? मक्तेदार ठरल्या रकमेतून सहसा सहावा हिस्सा आधीच कापून घेई. वर खरेदीदाराकडून लिव्रमागे २ सू वेगळे. (२० सू म्हणजे एक लिव्र, तेव्हा हे झाले १० टक्के.) खर्च कुठच्या कुठे जातो बघा.

राजाने गाज थकवलं तर पदाधिकारी मरतो, सावकार मरत नाही, कारण सावकाराकडे पदाचं गहाणखत आहे. म्हणून सावकार स्वस्तात देतो. यातच सगळं आलं.

---

तिरकस

हे तर आपलं वतन झालं. पाटीलकी विकली, निम्मी गहाण टाकली, भावाभावांत वाटली... नवीन काय सांगितलंत?

---

खतावणी

दिसायला सारखं, पण एक मोठा फरक. आपल्याकडे वतनाचा पाया जुना हक्क, राजसत्ता तो बहुधा मान्य करते, कधी काढून घेते. पैशासाठी दरसाल नवी वतनं पाडून बाजारात आणणं हा आपल्याकडे राज्याचा मुख्य धंदा नव्हता. फ्रान्समध्ये तो होता. १६९२ मध्ये शहरांची महापौरपदं विक्रीला काढली, आणि निवडणूक हातची जाऊ नये म्हणून कित्येक शहरांनीच ती विकत घेतली. डुकराच्या जिभेवर रोगाच्या गाठी आहेत का हे तपासणाऱ्याचं पद, ऑयस्टर विकणाऱ्याचं पद, अंत्ययात्रेची दवंडी पिटणाऱ्याचं पद. 'महाराज एक पद निर्माण करतात आणि देव ते विकत घेणारा एक मूर्ख निर्माण करतो' हे वाक्य अर्थमंत्री पोंशार्त्रँच्या नावावर खपवलं जातं. खरं खोटं देव जाणे, पण घेणारे मूर्ख नव्हते. पदाबरोबर तायमधून सूट मिळायची, काही पदांबरोबर सरदारकी.

अजून एक. एकच खजिनदारपद दोघांना नाहीतर तिघांना विकत आणि ते आलटून पालटून वर्षं सांभाळत. पहिल्याचा हिशोब मिटेपर्यंत दुसऱ्याचं वर्ष चालू. पहिल्याकडे राजाचेच पैसे पडून, आणि दुसरा राजाला 'पुढच्या वसुलीपोटी' व्याजाने उचल देतोय. राजा आपलेच पैसे आपल्याच नोकरांकडून व्याजाने घेत होता.

---

तिरकस

_राजा आपलेच पैसे आपल्याच नोकरांकडून व्याजाने घेत होता._

बरं, हे नवीन आहे. मान्य.

---

गडकोट

वतनाचा विषय निघालाच आहे म्हणून. 'आज्ञापत्रा'त देशमुख-देशकुलकर्णी वगैरे वतनदारांना राज्याचे दायादच म्हटलंय. राज्यात वाटा मागणारे भाऊबंद. फ्रान्सच्या पदाधिकाऱ्यांना हा शब्द चपखल बसतो.

आणि दायादांवर उतारा म्हणून बदलीचा माणूस पाठवायचा, हीही युक्ती दोन्हीकडे. फ्रान्समध्ये तो इंटेंडंट. त्याच्याकडे विकत घेतलेलं पद नाही, राजाचं नेमणूकपत्र, आणि ते राजा केव्हाही परत घेऊ शकतो. मुख्य मंत्री रिशेल्यूच्या काळात, १६३० च्या दशकात हे नियमित झाले. १६४८ च्या फ्राँद बंडात पार्लमाँने पहिली मागणी काय केली असेल तर इंटेंडंट परत बोलवा. राजाला बोलवावे लागले. १६५३ पासून परत पाठवले. ब्रिटनीत तर इंटेंडंट बसायला १६८९ उजाडलं.

यांची संख्या सांगतो म्हणजे 'सर्वंकष सत्ता' वगैरे शब्द जरा जपून वापरले जातील. साऱ्या राज्यात साधारण तीसेक. लोकसंख्या दोन कोटींच्या आसपास. प्रत्येकाकडे काही कारकून आणि तालुक्या-तालुक्यात स्थानिक दुय्यम, ते बहुतेक तिथलेच वकील नाहीतर पदाधिकारी. म्हणजे ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्यांच्यातलेच.

---

सनावळी

@गडकोट, त्यात अजून एक मेख. इंटेंडंट निवडले जायचे 'मेत्र द रकेत' या वरिष्ठ सचिवांमधून. आणि ते पद विकत घ्यावं लागायचं, चांगलं महाग. म्हणजे विक्रीच्या पद्धतीवर उतारा म्हणून नेमलेला माणूसही त्याच बाजारातून आलेला. घरचा कर्जाचा हप्ता त्यालाही होताच.

---

मिठागर

मिठावर कोणीच बोललं नाही? मग माझी पाळी. ताय गरिबाला लुबाडतो, पण चिडवतो तो गाबेल, म्हणजे मिठावरचा कर.

मे १६८० च्या वटहुकुमाने सगळे नियम एकत्र केले. राज्याचे मिठापुरते सहा तुकडे. सगळ्यात जाच 'मोठ्या गाबेल'च्या मुलखात, पॅरिसच्या आजूबाजूचे उत्तरेकडचे प्रांत. तिथे मीठ सरकारी कोठारातूनच घ्यायचं, आणि घ्यायचंच. आठ वर्षांवरच्या दर १४ माणसांमागे वर्षाला एक मिनो. मिनो म्हणजे वजनाने सुमारे १०० फ्रेंच पौंड, ४९ किलोच्या आसपास. डोई साडेतीन किलो झालं. बरं, हे मीठ फक्त 'हंडी आणि मीठदाणी'साठी. हिवाळ्यात डुक्कर खारवायचं असेल तर त्यासाठी वेगळं मीठ वेगळ्या पावतीवर. जेवणातलं मीठ वाचवून डुकराला चोळलंत तर गुन्हा. जेवणातलं कमी घेतलंत तरी गुन्हा.

मापातही गोम. मीठ कसं ओतता त्यावर मापात किती मावतं ते ठरतं. उंचावरून जोरात ओतलं तर दाबून बसतं, अलगद सोडलं तर भुसभुशीत राहून कमी भरतं. म्हणून चाडीसारख्या नरसाळ्यातून ठरावीक पद्धतीने सोडायचा नियम आणला. तो आल्यावरही वाद थांबले नाहीत, कारण वाळलेलं मीठ आणि ओलं मीठ यांचं माप एक पण वजन वेगळं.

भावातली दरी अर्थखात्याचा प्रमुख नेकरने १७८१ मध्ये छापून टाकली. क्विंटलला, म्हणजे त्यांच्या शंभर पौंडांना, मोठ्या गाबेलमध्ये सुमारे ६२ लिव्र. छोट्या गाबेलमध्ये साडेतेहतीस. करमुक्त ब्रिटनीत दोन-तीन. ब्रिटनी आणि मेन प्रांताची सीमा म्हणजे एक ओढा नाहीतर बांध. ओढ्याच्या अलीकडे दोन लिव्र आणि पलीकडे साठ, मग चोरटी ने-आण होणार नाही तर काय! बायका झग्याखाली मीठ न्यायच्या, कुत्र्यांच्या अंगावर पिशव्या बांधून त्यांना सीमेपलीकडच्या घरी पळत जायला शिकवलं होतं. कुत्रा पलीकडे उपाशी ठेवायचा, घर अलीकडे. पकडलेल्या माणसाला दंड. दंड भरायची ऐपत नसेल किंवा शस्त्रं घेऊन टोळीने गेला असेल तर गॅलीवर वल्ही मारायला.

सरकार सुधारणा का करत नव्हतं? कारण ब्रिटनी राज्यात आली ती करारांनी, तिच्या सवलती त्या करारांत. नैऋत्येच्या प्रांतांनी तर सोळाव्या शतकात बंड करून नंतर रोख रक्कम मोजून गाबेलमधून कायमची सुटका विकत घेतली होती. राजाने पैसे घेतलेले. आता परत कर लावायचा तर घेतलेले पैसे परत करा.

गाबेल १७९० मध्ये गेला. नेपोलियनने १८०६ मध्ये मिठावर कर परत आणला. शिरोडा-वडाळ्याला १९३० मध्ये लोक मीठ उचलत होते तेव्हा फ्रान्समध्येही मिठावर कर होताच, फक्त जुन्या गाबेलइतका जाचक नव्हता.

---

रिकामटेकडा

_कुत्रा पलीकडे उपाशी ठेवायचा, घर अलीकडे._

हे उलटंसुलटं झालंय का? ब्रिटनीत स्वस्त, मग मीठ ब्रिटनीतून मेनमध्ये यायला हवं. घर कुठे?

---

मिठागर

घाईत लिहिलं. घर मेनमध्ये, म्हणजे महाग बाजूला. कुत्र्याला ब्रिटनीत नेऊन कोंडून उपाशी ठेवायचं, अंगावर मीठ बांधून सोडायचं. ते जेवायला घरी पळतं. धन्यवाद.

मक्त्याचंही सांगून टाकतो. गाबेल, जकात, दारू-तंबाखूवरचे कर राजा स्वतः गोळा करत नव्हता. १६८० नंतर हे मक्ते एकत्र करून 'फेर्म जेनेराल' झाली. करार सहा वर्षांचा. कागदावर एकाच नामधारी माणसाची सही, बहुतेकदा मंत्र्याच्या नोकराचाकराची. मागे हमीदार म्हणून ४० भांडवलदार, पुढे १७५५ च्या सुमारास ६०. हे हमीदारच खरे मक्तेदार. ठरलेला वार्षिक मक्ता ते भरायचे, वर उरेल तो नफा. शिवाय करार मिळवण्यासाठी मोठी आगाऊ उचल राजाला द्यायची. रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए या मक्तेदारांपैकी एक. ८ मे १७९४ ला गिलोटिनवर गेला तो यापायी, ऑक्सिजनपायी नव्हे.

---

गडकोट

आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाने इजारे दिले तेव्हा मामलतीच चढ्या बोलीने गेल्या. फरक असा की आपल्याकडे मक्तेदाराने न्यायनिवाडाही ताब्यात घेतला. फ्रेंच मक्तेदाराकडे पहारेकरी आणि झडतीचा अधिकार होता, खटला मात्र कोठाराच्या न्यायालयात. अर्थात तिथल्या न्यायाधीशाने पद विकतच घेतलेलं!

---

पोपटपंची

पण एवढं सगळं असताना लुईला अनियंत्रित म्हणायचं तरी का? सरदारांना व्हर्सायच्या सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवून त्याने खच्ची केलं, हे तर सगळे मानतात.

---

सनावळी

पिंजऱ्यात किती जण मावणार? दरबार ६ मे १६८२ ला व्हर्सायला हलला. सरदार घराण्यांतली बहुसंख्य माणसं तिथे कधी राहिलीच नाहीत, आपापल्या प्रांतातच होती. दरबारात होते ते वरचे थोडे. आणि त्यांनाही पेन्शनी, लष्करी नेमणुका, मठांची उत्पन्नं मिळत होती. काही मोठ्या सरदारांचे पैसे दुसऱ्यांच्या नावाने करांच्या मक्त्यातही गुंतलेले. राजाच्या शयनगृहात मेणबत्ती कोणी धरायची यावरचे वाद मजेशीर आहेत, पण त्याने प्रांत चालत नव्हते.

प्रांत कसे चालत ते लांगदोकवरून बघा. तिथे प्रांतसभा होती, बिशप, सरदार आणि शहरांचे प्रतिनिधी. राजा रक्कम मागायचा, सभा घासाघीस करून मंजूर करायची. लुईच्या काळात घासाघीस कमी झाली, कारण वसूल झालेल्या पैशातला चांगला हिस्सा त्याच मंडळींकडे पगार, कर्जावरचं व्याज, मानधन म्हणून वळायला लागला. अटलांटिकपासून भूमध्य समुद्रापर्यंतच्या जलमार्गातला मोठा दुवा, सुमारे २४० किलोमीटरचा कालवा, १६६६ ते १६८१ मध्ये खणला तो राजा, प्रांतसभा आणि कंत्राटदार पिएर-पोल रिके या तिघांच्या पैशांवर. रिके स्वतः गाबेलचा मक्तेदार.

'अनियंत्रित' म्हणायचं ते कायद्याच्या अंतिम शब्दापुरतं. तिथे तो खरंच अनियंत्रित होता. हुकुमाची वाट अशी:

हुकूम मंडळात लिहिला जाई. चॅन्सेलर (न्यायखात्याचा प्रमुख) मोहोर करी, कायमच्या हुकुमाला हिरवं मेण. मग तो पार्लमाँकडे. तिथल्या वहीत नोंद झाल्याशिवाय न्यायालयं तो लावत नसत. पार्लमाँला हरकत असेल तर 'रमोंत्रांस' म्हणजे लेखी विनंतीवजा आक्षेप. राजा न मानता 'नोंदवाच' असं पत्र पाठवी. तरी अडलं तर राजा स्वतः सभागृहात येई, कोपऱ्यातल्या छताखाली गाद्यांवर बसे. याला 'ली द जुस्तिस', न्यायाची शय्या. तत्त्व असं की न्यायाधीशांचा अधिकार राजाकडूनच आलेला. राजा स्वतः हजर झाला की त्यांचा अधिकार तेवढ्यापुरता विरघळतो. राजासमोर नोंद होते, विषय संपतो.

लुईने १६७३ मध्ये यातली मधली पायरीच उलटी केली: आधी नोंद करा, मग काय आक्षेप घ्यायचा तो घ्या. त्याच्या हयातीत पार्लमाँ गप्प बसलं. १ सप्टेंबर १७१५ ला तो गेला. दुसऱ्याच दिवशी त्याचा पुतण्या ऑर्लिआँचा ड्यूक पार्लमाँत गेला, लुईचं मृत्युपत्र बाजूला ठेवून पूर्ण अधिकाराचं रीजंटपद (बालराजाच्या वतीने कारभार) मिळवलं आणि बदल्यात आक्षेपाचा जुना हक्क परत दिला. बहात्तर वर्षं गादीवर असलेल्या राजाचं मृत्युपत्र एका दिवसात निकालात!

---

उत्तरवारा

फ्रान्सवरच सगळे थांबलेत. अनियंत्रित सत्ता लेखी संविधानात लिहून काढणारा देश डेन्मार्क, त्याचा उल्लेख हवा.

१६६० पर्यंत तिथे राजा निवडला जायचा आणि गादीवर येताना सरदारांच्या अटींवर सही करायचा. स्वीडनबरोबरच्या युद्धात देश होरपळला, तिजोरी रिकामी झाली. कोपनहेगनला सभा भरली. तिथे शहरी मंडळी आणि पाद्री एका बाजूला झाले, करातून सूट उपभोगणारे सरदार एकटे पडले. शहराचे दरवाजे बंद केले, म्हणजे कोणी उठून जायला नको. ऑक्टोबर १६६० मध्ये गादी वंशपरंपरागत झाली, अटींचा कागद रद्द. १४ नोव्हेंबर १६६५ चा 'राजकायदा' पेदर शूमाकरने लिहिला, कलमं ४०. राजा सर्व मानवी कायद्यांच्या वर. त्याला मनाई तीनच गोष्टींची: लूथरी पंथ सोडायचा नाही, राज्याचे तुकडे करायचे नाहीत, आणि हा कायदा बदलायचा नाही. गंमत म्हणजे तो छापून जाहीर झाला १७०९ मध्ये. आणि टिकला १८४८-४९ पर्यंत.

इथे सनावळींचा मुद्दा उलट बाजूने पटतो. डेन्मार्कच्या राजाने १६८० च्या दशकात सगळ्या देशाची जमीन मोजून घेतली, १६८८ ची नोंदवही तयार झाली. जमिनीचा कस मोजून कर. फ्रान्सच्या राजाला देशभर एक मोजणी कधीच जमली नाही, कारण प्रत्येक प्रांताच्या हातात वेगळा करार.

अवांतर: हेच डॅनिश राजे तमिळनाडूतल्या तरंगंबाडीचे धनी, १६२० पासून.

---

पोपटपंची

मग फ्रान्सने सरदारांवर कर लावायचा प्रयत्न केलाच नाही?

---

खतावणी

केला की. १६९५ चा 'कापितासिओं'. सगळी प्रजा २२ वर्गांत. पहिल्या वर्गात खुद्द युवराज, २,००० लिव्र. शेवटच्या वर्गात शिपाई, मजूर, एक लिव्र. वर्ग उत्पन्नावर नव्हे, दर्जावर पाडलेले, म्हणून कंगाल सरदार आणि गबर सरदार एकाच रांगेत. १६९८ मध्ये बंद, १७०१ मध्ये परत, आणि परत आला तो वरून आकडा वाटायच्या पद्धतीने. झालं, शेतकऱ्यांसाठी तो तायचंच शेपूट बनला. चर्चने आधी दरवर्षी ४० लाख देऊन आणि १७१० मध्ये एकदम २ कोटी ४० लाख मोजून कायमची सुटका घेतली. सहा वर्षांचे पैसे भरून सारा भविष्यकाळ मोकळा. राजाला रोख हवी होती, १७०९ च्या भीषण हिवाळ्यानंतर व्हर्सायची चांदी दुसऱ्यांदा टांकसाळीत गेली होती.

१७१० चा दहावा हिस्सा हा त्यातल्या त्यात खरा उत्पन्नकर, सरदारांसकट. उत्पन्न किती हे ज्याने त्याने स्वतः लिहून द्यायचं. पुढे काय झालं ते सांगायला नको.

लष्करातही तीच तऱ्हा. कंपनी कॅप्टनच्या मालकीची, पैसे हजेरीतल्या माणसांच्या संख्येवर. तपासणीच्या दिवशी कॅप्टन गावातले चार जण गणवेश घालून उभे करायचा. युद्धमंत्री लुव्हवाने तपासनीस नेमले, आणि असा खोटा शिपाई दाखवून देणाऱ्या खऱ्या शिपायाला कॅप्टनच्या खिशातून बक्षीस आणि नोकरीतून मोकळीक. कॅप्टनची लबाडी पकडायला त्याच्याच तुकडीतला माणूस फोडायचा. कंपनी विकत घेऊन कॅप्टनलाच काढून टाकायला मात्र पैसे नव्हते.

---

तिरकस

इंग्लंडशी तुलना करा ना कोणी. तिथे राजाचे हात बांधलेले, तरी पैसा जास्त कसा?

---

सनावळी

हात बांधलेले म्हणूनच. १६८८ च्या क्रांतीनंतर कर्ज संसदेच्या नावाने, त्याच्या व्याजापुरता ठरावीक कर संसदेनेच बाजूला काढलेला. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड. अबकारी कर पगारी अधिकारी गोळा करत, मोजमाप करत, वह्या तपासल्या जात. अठराव्या शतकात इंग्रज माणूस डोई फ्रेंचापेक्षा जास्त कर भरत होता. १७५० च्या दशकात ब्रिटिश सरकारचं मुख्य कर्ज ३ टक्क्यांचं झालं. फ्रान्स तेव्हा ५ आणि त्यावर.

फ्रान्समध्ये सावकाराला आठवत असे ते वेगळं. अर्थमंत्री फुके १६६१ मध्ये पकडला गेला. पाठोपाठ खास न्यायालय बसलं आणि ज्यांनी राजाला कर्जं दिली त्यांनाच 'अवाजवी नफा' म्हणून कोट्यवधींचा दंड. १७१६ मध्ये पुन्हा तेच. १७७० मध्ये अर्थमंत्री तेरेने पुन्हा देणी कापली. पुढचा सावकार ही जोखीम आधीच व्याजात धरणार. लुई गेला तेव्हा दोन अब्ज लिव्रच्या वर कर्ज होतं.

---

गडकोट

आणि पदं काढून टाकायचा प्रयत्न? १७७१ मध्ये चॅन्सेलर मोपूने केला होता ना?

---

खतावणी

केला. जानेवारी १७७१ मध्ये रात्री बंदूकधारी शिपाई न्यायाधीशांच्या घरी गेले: कामावर येणार, हो की नाही, लेखी द्या. नाही म्हणणारे हद्दपार. नवी न्यायालयं पगारी, पदं विक्रीची नाहीत. तीन वर्षं चाललंही बऱ्यापैकी. पण काढलेल्या पदांची किंमत देणं राजावर आलं, ती रोखीत द्यायला पैसे नव्हते. १७७४ मध्ये पंधरावा लुई गेला, सोळाव्याने जुनी पार्लमाँ परत आणली.

शेवट ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री. पदांची विक्री रद्द झाली, आणि मालमत्ता म्हणून तिची भरपाईही मान्य झाली. दावे दाखल करायचे, पदाची मूळ कागदपत्रं जोडायची, समितीने किंमत ठरवायची. आता या दाव्यांत पदावर कर्ज दिलेले सावकारही रांगेत होते. रक्कम चुकती केली ती मोठ्या प्रमाणावर आसिन्या नावाच्या कागदी नोटांत, चर्चच्या जप्त जमिनींच्या तारणावर काढलेल्या. ज्यांनी नोटा हातात पडताच जमीन घेतली ते तरले. ज्यांनी पेटीत ठेवल्या, त्यांच्या नोटा पाच-सहा वर्षांत रद्दीच्या भावाला आल्या.

---

रिकामटेकडा

म्हणजे सरदारकीपायी डुकराच्या जिभेचं पद घेतलेला माणूस...

---

खतावणी

त्याला सरदारकी मिळत नव्हती हो. सरदारकी वरच्या पदांना. डुकराच्या जिभेला दर डुकरामागे फी.